मध्यरेषा

तिवशाजवळच्या छोट्या आर्ट्स कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या मुली दहाच निघाल्या, म्हणून कबड्डी खेळणारी पौर्णिमा गोलकीपर झाली. अमरावतीच्या अंतिम सामन्यात त्या एका गोलने पुढे होत्या. शेवटच्या मिनिटाला अकोल्याची मुलगी चेंडू घेऊन अंगावर आली आणि पौर्णिमाने झडप घालून तिचा घोटाच धरला. पंचांनी पिवळं कार्ड दाखवून पेनल्टी दिली. "पाय काहून धरला वं?" कप्तान श्रावणी किंचाळली. "मंग का तिले वापस जाऊ देऊ?" पौर्णिमाने विचारलं. वेळ संपली होती. एवढी किक अडवली की चषक आपला. पौर्णिमाने श्वास रोखला, समोरच्या बुटांवर नजर रोवली आणि झेप घेतली. चेंडू कवेत आला, शिट्टी वाजली, मैत्रिणी मिठी मारायला धावल्या. पण सगळ्यांना हुलकावणी देत ती मध्यरेषेपर्यंत पळाली. रेषेला पाय लावला, मगच श्वास सोडला.