ओवळी जास्वंद

सुनेनं कोपऱ्यावरच्या कॅफेतून आणलेला कॉफीचा ओला चोथा जास्वंदीच्या बुंध्याशी पसरला, तशी नरहरपंतांनी पंच्यानं नाक दाबलं.

"शी. गावाचं उष्टं देवाच्या फुलांना?"

"उष्टं नाही हो बाबा. कॉफी गाळून मागे उरतो तो. खत होतं त्याचं."

"मला किळस येते. या झाडाचं फूल गणपतीला चालणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते उजाडताच आकडीच्या काठीनं शेजारच्या खांबेट्यांची जास्वंद गुपचूप ओरबाडू लागले. मग एके सकाळी कुंपणापलीकडून खांबेटेवहिनींचा आवाज आला.

"घ्या की खुशाल. फक्त सूनबाईंना सांगा, त्यांनी दिलेला चोथा संपलाय. तो घालतेय तेव्हापासून झाड नुसतं लगडलंय."

नरहरपंतांनी हातातली पिशवी अंगापासून लांब धरली. पिशवीत एकवीस फुलं होती, आणि घरचा गणपती महिनाभर हीच मिरवत होता.