बुटाची नाडी

हिमाचलातल्या पांगी खोऱ्यातल्या एका गावचा रिवाज असा, की बर्फ वितळल्यावर खिंडीवर पहिलं पाऊल ज्याचं, वर्षभर गावचा वाटाड्या तोच. तीस वर्षं हा मान अंगरूपचा होता. यंदाच्या पहिल्या चढाईला त्याची लेक यांगझोम पाहुण्यांना घेऊन पुढे चालत होती, आणि म्हातारा दर वळणावर खाली बसत होता.

“आता काय झालं, आबा?” ती मागे न बघताच ओरडली.

“नाडी सुटली गं बुटाची! तू हो पुढं.”

“तरी म्हणत होते, घरी बसा!”

खिंडीवर पोचून तिने देवाला हाक घातली, तेव्हा कुठे आबा वर आले. दम अजिबात लागला नव्हता. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“थांबा, नाडी बांधून देते,” म्हणत ती वाकली, आणि त्या बिननाडीच्या रबरी गमबुटांवर तिने डोकं टेकवलं.