खिडकीवरची तोफ

"डोळे घरी ठेवून आलात का? सही इथे करायची, तिथे नाही!" खिडकीमागून बाई गरजल्या, आणि नेमके त्याच क्षणी नवे साहेब दारातून आत आले.

ऑफिस दाखले देण्याचं होतं. बाईंना सगळे तोफ म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. साहेब मनाने चांगले होते. लहानपणी आईचं बोट धरून त्यांनीही अशाच खिडक्यांवर अपमान गिळला होता. आपण साहेब झालो की हे बंद करायचं, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. दुपारी तोफेची रवानगी मागच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. "बरं झालं, घशाला आराम," एवढंच म्हणून बाई डबा उचलून गेल्या.

खिडकीवर गोडबोले आले. हे त्यांचं आडनाव नव्हतं. कुणीही आलं की ते आधी बसायला सांगत, पाणी विचारत, मग म्हणत, "होऊन जाईल हो. जरा दोन दिवसांनी चक्कर मारा." आणि कागद हळुवारपणे, झोपलेलं बाळ ठेवावं तसे, गठ्ठ्यावर ठेवत. तक्रारी थांबल्या. मुख्यालयाने साहेबांची पाठ थोपटली आणि बाकीच्या ऑफिसांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं.

मग एक वेल्डर आला. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ होती. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. गोडबोल्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, वहिनींची तब्येत विचारली. पुढच्या खेपेलाही विचारली. ऑपरेशनची तारीख उलटून गेली, तेव्हा तर त्यांचे डोळेच भरून आले.

वेल्डर सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"कुणी वेडंवाकडं बोललं का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. इतकं गोड बोलतात की भांडायलाही जागा ठेवत नाहीत. तुमच्याकडे ओरडणारं कुणी नाही का?"

साहेब उठले, गठ्ठ्यातून त्याचे कागद स्वतः उपसून काढले आणि त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. तोफेने कागद चाळले.

"वर्कशॉपच्या मालकाच्या पत्रावर शिक्काच नाही! आणि इतके दिवस कुणी सांगितलं नाही? तोंडात बोळा कोंबला होता का सगळ्यांच्या? जा, मारून आणा. चालत नाही, पळत!" मग त्या साहेबांकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठे जाऊ नका. सही लागेल."

वेल्डर पळाला. साहेब थांबले. ऑफिस सुटायच्या आत दाखला त्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवसापासून तोफ पुन्हा खिडकीवर आणि गोडबोले रेकॉर्ड रूममध्ये, जिथल्या कागदांना कुठेच जायची घाई नव्हती. तक्रारी परत सुरू झाल्या. मुख्यालयातून फोन आला, साहेबांची हजेरी घेतली गेली, बढती लांबली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. बदल मात्र केला नाही.

दवाखान्याने दिलेल्या नव्या तारखेला ऑपरेशन झालं, आणि पुढच्याच महिन्यात वेल्डरची बायको आभार मानायला आली. नवरा मागे, ती पुढे. एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने पोट धरून ती जिना चढली.

"टाके ओले आणि जिने कसले चढता? आभारांवाचून माझं काय अडलं होतं? या तुमच्या नवऱ्यालाही काही अक्कल आहे का?" तोफ अशी कडाडली की अख्खी रांग दचकली. बोलता बोलता बाईंनी आपली खुर्ची उचलून खिडकीबाहेर आणून ठेवली आणि स्वतः उभ्याने काम करू लागल्या.

आवाज ऐकून साहेब लगबगीने बाहेर आले.

"त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, ताई."

ती खुर्चीत सावकाश टेकली.

"घेणारच, साहेब," ती म्हणाली. "आम्ही एवढ्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, पण माझ्या दुखण्यापायी चिडलेलं हे पहिलंच माणूस."