सरकवलेली इमारत

“चूक नागसेनची आहे,” आल्हादनं खुर्चीत मागं रेलत सांगून टाकलं. “स्ट्रक्चरच्या लेव्हल त्यानंच चुकीच्या धरल्या. त्याला आम्ही काय करणार?”

समोर डॉक्टर शुभदा बसल्या होत्या. शेलार गावात त्यांच्या जुन्या हॉस्पिटलशेजारी नवी इमारत उठत होती. दोन्हींना पहिल्या मजल्यावर जोडणारा एक पूल होता आणि त्याचं काँक्रीट आज पडायचं होतं. धम्मदिनानं सकाळीच साइटवर फोन करून ते थांबवलं. आर्किटेक्ट आल्हाद तिचा साहेब, पण त्याला न विचारता. म्हणून डॉक्टरीणबाई ओपीडी सोडून नारपोलीच्या या ऑफिसात आल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग ठेकेदार केसरीनाथ.

“पंप उभा हाय, मानसं बसून हायत,” केसरीनाथ म्हणाला. “चूक कुनाची का असंना. काम करायचं का न्हाय, तेवढं सांगा.”

धम्मदिना कॉम्प्युटरपाशी बसली होती. या ऑफिसात तयार झालेलं इमारतीचं मॉडेल आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नागसेननं केलेलं खांब-स्लॅबचं मॉडेल, दोन्ही एकमेकांना जोडून तपासायचं काम तिचं. नागसेनला तिनं कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर बोलणं व्हायचं. पण त्याच्या पाठीमागं त्याच्या नावावर हे खपवलेलं ऐकून तिची कानशिलं तापली.

“सर, चूक त्यांची नाही.”

“धम्मदिना, मी बोलतोय ना?”

“तुम्ही खोटं बोलताय.”

आल्हाद खुर्चीत सरळ झाला. डॉक्टर शुभदांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. “तुम्ही बोला,” त्या धम्मदिनाला म्हणाल्या.

तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. “मागच्या मीटिंगला तुम्हाला हे दाखवलं होतं. पूल बरोबर जुन्या कॉरिडॉरच्या दाराला येऊन टेकलाय.”

“हो. हेच बघून तर मी हो म्हटलं.”

“आता बघा.”

तिनं नागसेनचं मॉडेल त्याच्या मूळ जागेवर नेऊन ठेवलं. खांब-स्लॅबचा अख्खा सांगाडा खाली बसला आणि जरा डावीकडं गेला. पूल दाराच्या उंबऱ्याखाली दीड फूट लोंबायला लागला. त्याचा एक कठडा सरळ दारात घुसला.

“नागसेन सरांनी उंची मोजायचं शून्य रस्त्यापासून धरलं,” ती म्हणाली. “आम्ही धरलं तुमच्या जुन्या हॉस्पिटलच्या फरशीपासून. फरशी रस्त्यापेक्षा दीड फूट उंच आहे. नेमकं कुठलं शून्य घ्यायचं आणि कुठल्या कोपऱ्यापासून मोजायचं, हे त्यांनी विचारलं होतं. आम्ही कळवलंच नाही. दोन्हींचा मेळ बसत नाही, असं मी रजेवर जाताना सरांना सांगून गेले होते. आज सकाळी परत येऊन बघते, तर त्यांचं मॉडेल उचलून वर ठेवलेलं. हातानं.”

“प्रेझेंटेशनपुरतं गं,” आल्हाद म्हणाला. “जरासं जुळवून घेतलं. सगळीच ऑफिसं करतात.”

“जुळवलं नाही, सर. सरकवलं. स्क्रीनवरची इमारत वर गेली, साइटवरची होती तिथंच राहिली.”

डॉक्टर शुभदा स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. “म्हणजे सीझर झालेली बाई स्ट्रेचरवरून इथपर्यंत येणार. आणि पुढं?”

आल्हाद टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

“पुढं काय, आल्हाद? दोन आयांनी ती उचलून वर घ्यायची?”

“मॅडम, छोटासा रॅम्प काढू. त्यात काय एवढं?”

“दारासमोरच माझी लिफ्ट आहे. रॅम्प काढताय कुठं?”

आल्हादनं रुमालानं मान पुसली. मग धम्मदिनाकडं वाकून दबक्या आवाजात म्हणाला, “हे आपल्या आपल्यात बोलता आलं असतं. मागाहून करून घेतलं असतं दुरुस्त.”

तिनं आवाज मुळीच खाली आणला नाही. “मागाहून कसं? काँक्रीट माउसनं सरकत नाही, सर.”

केसरीनाथनं फोन काढला आणि खिडकीकडं तोंड करून ओरडला, “पंप माघारी लाव रं! आज काय न्हाय पडत!” फोन खिशात टाकत त्यानं आल्हादकडं नुसतं रोखून बघितलं.

“आता हे खरोखर जुळणार कसं?” डॉक्टर शुभदांनी विचारलं.

“शून्य एकच धरायचं. तुमची जुनी फरशी. ती काही हलणार नाही, रस्त्याचं मात्र सांगता येत नाही, पुन्हा काँक्रीट टाकतील आणि उंची वाढवतील. आणि मोजायचं जुन्या इमारतीच्या एकाच कोपऱ्यापासून, दोघांनीही. आमच्या मॉडेलमध्ये मी आत्ता तसं करून ठेवते. पण स्लॅब वर घ्यायचा तो नागसेन सरांनीच. खांब किती वाढवायचे, सळई पुरते का, ते त्यांनाच बघावं लागेल.”

“मग लावा त्यांना फोन.”

धम्मदिनानं फोन उचलला.

“तुम्ही नाही,” डॉक्टर शुभदा म्हणाल्या. “आल्हाद लावतील. मघाशी नागसेनच्या नावानं जे काही बोलले, ते परत घेतील आणि खरं काय ते सांगतील. स्पीकरवर. मी बसलेय.”

आल्हादनं हसल्यासारखं करून पाहिलं. त्यानं नंबर लावला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. दोन रिंग गेल्या.

“हां, बोला आल्हाद सर!” नागसेनचा आवाज उत्साहानं भरलेला होता. “मी वाटच बघत होतो. कुठलं शून्य घ्यायचं ठरलं शेवटी?”

आल्हादनं धम्मदिनाकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि डोळे त्याच्यावरून हलवले नाहीत.

“हॅलो?” टेबलावरून पुन्हा आवाज आला. “सर? आहात ना?”