कासार गल्लीतलं बाकडं

“काय दशा केलीय गल्लीची,” वामनशेठ पुटपुटले. जुनी कासार गल्ली पाडून नगरपालिकेनं गुळगुळीत फरश्या, शोभेचे दिवे, कुंड्या असा नवा चौक केला होता. त्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या जागी बाकडं होतं. “भांड्यांवर नावं घालायची टकटक नाही, गिऱ्हाईक नाही. मेली गल्ली.”

द्वारकाबाई मात्र चपला काढून बाकड्यावर ऐसपैस बसल्या. “मला तर आवडलं.”

“तुला? जन्मभर इथे डबा घेऊन आलीस तू.”

“म्हणून तर. गिऱ्हाईक बायकांना तुम्ही लगेच स्टूल द्यायचात. मी गर्दी सरेपर्यंत गटाराच्या कडेला उभी. थोरली पोटात होती तेव्हासुद्धा.” आवाजात राग नव्हता. “इथे बसले ती आजच.”

वामनशेठना ते स्टूल लख्ख आठवलं. उभी असलेली बायको काही केल्या आठवेना.

थोड्या वेळानं त्या उठू लागल्या. “बस गं,” ते म्हणाले, “घाई काय आहे?”

कोपऱ्यावरच्या टपरीवरून ते चहा घेऊन आले. शेजारी जागा होती, तरी द्वारकाबाईंचा कप रिकामा होईपर्यंत वामनशेठ उभेच राहिले.