आईच्या फोनची मुदत

बहिणीने कपाटाच्या खालच्या खणातून चार रिकामे खोके काढले आणि जेवणाच्या टेबलावर एकावर एक रचले. पाचव्या खोक्यातला फोन आईच्या हातात होता.

"तीन वर्षांत पाच," ती म्हणाली. "दादा, इतक्या वेळा तू चष्मासुद्धा पुसत नाहीस."

भावाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वजनकाट्यांची अचूकता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो वरिष्ठ तंत्रज्ञ होता. उपकरण बिघडण्याची वाट पाहत बसणे त्याला अडाणीपणाचे वाटे. बॅटरी पहिल्या दिवसापासून उतरणीला लागते, जुन्या फोनना सुरक्षेच्या सुधारणा मिळेनाशा होतात, आणि ऐन वेळी फोन दगावला तर जबाबदारी कोणाची, असे त्याने सावकाश, मुद्देसूद विचारले.

"आठ महिन्यांत बॅटरी किती उतरते?"

"तीन-चार टक्के."

"म्हणजे नाहीच उतरत."

"उतरते," भाऊ म्हणाला. "कमी उतरते."

निदान एकाच कंपनीचा फोन घेत जा, दर वेळी नवे खूळ कशाला, असे बहिणीने सुनावले. त्यावर, तुलना केल्याशिवाय चांगले काय ते कळत नाही, असे उत्तर आले. आई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"नवा फोन आला की मी पुन्हा बालवाडीत," ती म्हणाली. मग मुलाकडे पाहून तिने जोडले, "पण तो हौसेने आणतो."

वाद खोक्यांवरून पेटला असला तरी त्याचे मूळ जुने होते. वडील गेल्यावर आईने आपल्याकडे राहावे अशी बहिणीची इच्छा होती. भावाने ते होऊ दिले नव्हते. सुरुवातीला आईचा दर आठवड्याला फोन येई, पुढे महिन्याने, आणि गेल्या दीड वर्षात एकदाही नाही. बहिणीने केलेले फोन वाजून वाजून थांबत. संध्याकाळी भावाचा निरोप येई की आई आराम करते आहे. शेवटी तिने रजा काढली आणि न कळवता चार दिवसांसाठी येऊन थडकली. आई आपल्यावर का रुसली, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

"बाबांच्या आजारपणात तू दोनदा आलीस," भाऊ म्हणाला. "ते ती विसरलेली नाही. तिला बोलायचं असतं तर बोलली असती. मी काय तिचा हात धरून ठेवलाय?"

बहिणीने खोके आवरायला घेतले. घाव वर्मी लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिला वेगळेच दिसले. आई फोन हातात घेऊन बसली होती. अंगठा पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा आपटत होता. तिथे काहीच नव्हते. आधीच्या फोनवर कॉल लावायची हिरवी खूण तिथे होती.

पक्षाघातानंतर रुग्णांच्या बोटांना गुंड्या लावायला पुन्हा शिकवणे हा बहिणीचा व्यवसायच होता. तिने खुर्ची ओढली आणि आईचा अंगठा आपल्या हातात घेतला. एकच क्रिया, एकाच जागी, दिवसातून साठ वेळा. आई कंटाळली, चिडली, मास्तरीणबाई म्हणून खिजवू लागली. चौथ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत बहिणीचा फोन वाजला. स्वयंपाकघरातून आई बोलत होती, आणि बोलता बोलता हसत होती.

मग बहिणीने भावाला समोर बसवले. या वेळी तिचा आवाज चढला नाही.

"तुझ्या ध्यानातच आलं नाही दादा. तुझ्यासाठी खूण कुठेही गेली तरी फरक पडत नाही, तू डोळ्यांनी शोधतोस. आई बोटांनी शोधते. खूण हलली की तिची माणसं हरवतात. आणि मी वेडी, ती रुसलीये म्हणून दीड वर्ष रडत बसले."

भावाने चष्मा काढून पुसला. हे किती दिवस टिकेल, एवढेच त्याने विचारले. फोन बदलला नाही तर आयुष्यभर, असे ती म्हणाली.

"ठीक आहे. किती वर्षं बदलायचा नाही?"

"पाच."

"पाच तर पाच."

बहिणीने चार दिवसांत प्रथमच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खोक्यांवरून बोलले ते मनावर घेऊ नकोस म्हणाली. निघताना तिने शेवटची मागणी मांडली. आईला आपल्याकडे राहायला यायचे असेल तर ती रविवारी स्वतः फोन करून सांगेल, आणि आपण सोमवारी तिला न्यायला येऊ. फोन आला नाही तर तिला यायचे नाही असे धरू, पुन्हा विषय काढणार नाही. भावाला हे न्याय्य वाटले. आईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

बस सुटण्याआधीच बहिणीचा फोन वाजला.

"मी लावलाय," आई म्हणाली. "कोणी हात लावला नाही. रविवारी बघ तू."

शनिवारी सकाळी भावाने आईचा फोन मागून घेतला. वर जाड काच बसवून आणतो, पडला तरी फुटणार नाही, असे तिला सांगून तो चौकातल्या दुकानात गेला. दुकानदार त्याला ओळखत होता. भावाने फोन काचेच्या कपाटावर ठेवला आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचा दाखवा म्हणाला.

दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला, चालू केला, बॅटरी तपासली. ओरखडासुद्धा नव्हता.

"साहेब, हा तर नव्यासारखा आहे. बिघडलंय काय याच्यात?"

"आईला हा वापरता यायला लागलाय," भाऊ म्हणाला.