फाट्यावरचा हिरवा दिवा

माझ्या विनीतला थांबायची लाज वाटते. पोलादपूरच्या अलीकडे आमच्या फाट्यावर सिग्नल आहे. तो लाल असला तरी हा मोटारसायकल दामटतो. मागे आई बसलीय याचंही भान नाय.

त्या सिग्नलची रीत साधी आहे. वरच्या वाडीच्या रस्त्यात डांबराखाली तार पुरलीय. तिच्यावर गाडी उभी राहिली की हायवेला लाल आणि वाडीच्या रस्त्याला हिरवा. गाडी निघून गेली की हिरवाही जातो. माणूस, बैल तिला कळत नाय, लोखंडच लागतं.

सिग्नल बसला त्याच पावसात वाडी दरडीखाली गेली. आमचे हे सकाळचं दूध आणायला वर गेले होते, ते टेम्पोसकट तिथेच राहिले. त्या रस्त्यावर आता गुडघाभर गवत आहे.

तरी दुधाच्या वेळेला हिरवा लागतोच. तार बदलली, तरी लागतो.

"मशीन बिघडलंय, आये," विनीत म्हणतो.

आज दुधाच्या वेळेलाच त्याने लाल असताना गाडी पुढे काढली आणि ती नेमकी वाडीच्या रस्त्याच्या तोंडाशी बंद पडली. किक मारून तो दमला. कशेडीकडून आलेले ट्रक मागे हॉर्न वाजवत होते. आमची गाडी तारेच्या अलीकडे होती, तरी वाडीचा हिरवा जाईना.

मी एका बाजूला पाय टाकून बसलेली, तोंड वाडीकडे. समोर नुसतं गवत. पण माझ्या गुडघ्यांना ऊब लागत होती, चालू इंजिनाची लागते तशी.

मी अंगणात आडवी आले तर हे कधी हॉर्न द्यायचे नाहीत. गाडी चालू ठेवून नुसते उभे राहायचे.

"विनीत, बाजूला हो रे. तुझा बाप खोळंबलाय."